त्रिमितीय दृश्यकल्पन आणि अभियांत्रिकी रेखाटन

त्रिमितीय दृश्यकल्पन म्हणजे लांबी, रुंदी व उंची असलेल्या वस्तूचे रूप मनात उभे करण्याची, ते मनातल्या मनात फिरवण्याची, कापण्याची वा जोडण्याची आणि सपाट चित्रावरून मूळ वस्तू ओळखण्याची क्षमता होय. हे मनातील रूप कागदावर अशा रीतीने उतरवणे की पाहणाऱ्याला त्यातून एकच अर्थ लागावा, यास अभियांत्रिकी रेखाटन म्हणतात. यंत्ररचना, स्थापत्य, साचेकाम, सुतारकाम, पत्र्याचे काम अशा सर्व क्षेत्रांत या दोन्ही गोष्टींची गरज पडते. ही क्षमता जन्मजात देणगी आहे, ती ज्याला असते त्याला असते आणि नसते त्याला नसते, असा समज दीर्घकाळ रूढ होता. तथापि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून झालेल्या संशोधनातून ती सरावाने वाढते आणि हाताने रेखाटन करणे हा तिच्या सरावाचा एक प्रमुख मार्ग आहे, असे दिसून आले आहे.

स्वरूप

वस्तू त्रिमितीय असते, कागद द्विमितीय असतो. त्यामुळे वस्तूचे कोणतेही चित्र काढताना एक मिती गमवावी लागते. छायाचित्रात ही हानी फारशी खटकत नाही, कारण छाया, रंग आणि परिचय यांच्या आधारे डोळा ती भरून काढतो. परंतु कार्यशाळेत एखादा भाग घडवायचा असेल, तर नुसता दिसण्याचा भास पुरत नाही. भोक किती खोल आहे, खाच आरपार आहे की अर्धवट, उतार कोणत्या बाजूस आहे हे निश्चित कळावे लागते.

एकच चित्र किती फसवे असू शकते हे घनाच्या साध्या आकृतीवरून स्पष्ट होते. घनाच्या बाराही कडा सारख्याच जाडीच्या रेषांनी काढल्या, तर तो कधी वरून पाहिल्यासारखा तर कधी खालून पाहिल्यासारखा भासतो. स्विस स्फटिकशास्त्रज्ञ लुई आल्बेर नेकर याने १८३२ साली या भासाचे वर्णन केले, म्हणून अशा आकृतीस नेकरचा घन म्हणतात. रेषा त्याच असताना मन मात्र दोन वेगवेगळ्या वस्तू पाहते. अभियांत्रिकी आरेखनाचे बहुतेक संकेत अशी संदिग्धता नाहीशी करण्यासाठीच निर्माण झाले आहेत.

इतिहास

इमारतीचा तलविन्यास आणि दर्शनी बाजू वेगवेगळ्या काढण्याची प्रथा प्राचीन आहे. युरोपातील प्रबोधनकाळात लिओनार्दो दा विंची याने यंत्रांची असंख्य रेखाटने केली. त्यांत सुटे केलेले भाग, छेद आणि निरनिराळ्या बाजूंनी दिसणारी रूपे आढळतात. जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्युरर याने १५२५ साली प्रसिद्ध केलेल्या भूमितीविषयक ग्रंथात वक्ररेषा व घनाकृती यांची वरून आणि समोरून दिसणारी रूपे परस्परांशी जोडून दाखवली.

या विखुरलेल्या युक्त्यांना शास्त्राचे रूप देण्याचे श्रेय फ्रेंच गणितज्ञ गास्पार मोंज (१७४६–१८१८) याला दिले जाते. मेझिएर येथील लष्करी अभियांत्रिकी शाळेत काम करताना त्याच्यासमोर एक प्रश्न आला: तटबंदीची रचना अशी कशी करावी की शत्रूच्या तोफांना आतील भाग दिसणार नाही? त्या काळी याचे उत्तर लांबलचक आकडेमोडीने काढले जाई. मोंजने ते दोन परस्परलंब प्रतलांवर पाडलेल्या प्रक्षेपांच्या साहाय्याने भूमितीने सोडवले. ही पद्धत लष्करी दृष्ट्या इतकी महत्त्वाची मानली गेली की काही काळ ती गुप्त ठेवण्यात आली. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर १७९५ साली मोंजने पॅरिसमध्ये तिच्यावर जाहीर व्याख्याने दिली आणि १७९९ मध्ये ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. या शाखेस वर्णनात्मक भूमिती असे नाव मिळाले. आजही अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षात शिकवले जाणारे बिंदू, रेषा, प्रतल व घनाकृती यांचे प्रक्षेप हे तिचेच वंशज आहेत.

इंग्लंडमध्ये केंब्रिज विद्यापीठातील प्राध्यापक विल्यम फॅरिश याच्यापुढे वेगळी अडचण होती. तो आपल्या व्याख्यानांसाठी यंत्रांच्या प्रतिकृती सुट्या भागांतून जोडून दाखवत असे. व्याख्यान संपले की ते भाग सुटे करून पुढची प्रतिकृती उभी करावी लागे. साहाय्यकांना जोडणी समजेल असे, आणि तरीही मापे घेता येतील असे, चित्र त्याला हवे होते. यातून त्याने १८२२ साली आयसोमेट्रिक म्हणजे सममितीय आलेखनाची पद्धत मांडली.

लंबप्रक्षेप

लंबप्रक्षेपात वस्तूच्या प्रत्येक बिंदूपासून एखाद्या प्रतलावर लंब टाकला जातो आणि त्या लंबांच्या पायांनी बनणारी आकृती हे त्या दिशेचे दृश्य मानले जाते. वस्तू एखाद्या काचेच्या पेटीत ठेवली आहे अशी कल्पना केल्यास ही पद्धत समजणे सोपे जाते. पेटीच्या समोरच्या काचेवर समोरील दृश्य, वरच्या काचेवर वरील दृश्य आणि बाजूच्या काचेवर बाजूचे दृश्य उमटते. नंतर पेटी उलगडून सपाट केली की तिन्ही दृश्ये एका कागदावर येतात. कार्यशाळेत यांना अनुक्रमे एलिव्हेशन किंवा फ्रंट व्ह्यू, प्लॅन किंवा टॉप व्ह्यू आणि साइड व्ह्यू असे म्हणतात. बोलीभाषेत ‘घराचा प्लॅन’ म्हणजे घराचा संपूर्ण नकाशा असा अर्थ होतो. अभियांत्रिकी आरेखनात मात्र प्लॅन म्हणजे केवळ वरून दिसणारे रूप होय.

ही तीन दृश्ये स्वतंत्र चित्रे नसतात. समोरील व वरील दृश्यांत लांबी समान असते, समोरील व बाजूच्या दृश्यांत उंची समान असते आणि वरील व बाजूच्या दृश्यांत रुंदी समान असते. म्हणून ती एका रांगेत, एकमेकांना जुळवून काढावी लागतात. एका दृश्यातील कोणताही बिंदू इतर दोन दृश्यांत कोठे असेल, हे या समानतेमुळे शोधता येते.

दृश्यांच्या मांडणीचे दोन संकेत प्रचलित आहेत. प्रथम कोन पद्धतीत वस्तू पाहणारा व प्रतल यांच्या मध्ये असते. त्यामुळे वरील दृश्य समोरील दृश्याच्या खाली येते आणि उजवीकडून दिसणारे दृश्य डावीकडे येते. तृतीय कोन पद्धतीत प्रतल पाहणारा व वस्तू यांच्या मध्ये असते. त्यामुळे वरील दृश्य वर आणि उजवे दृश्य उजवीकडे येते. काचेच्या पेटीची कल्पना या दुसऱ्या पद्धतीशी जुळते. भारत आणि युरोपातील बहुतेक देशांत प्रथम कोन पद्धत, तर अमेरिकेत तृतीय कोन पद्धत वापरली जाते. कोणती पद्धत वापरली आहे हे कळावे म्हणून कागदाच्या कोपऱ्यातील माहितीच्या चौकटीत डोके छाटलेल्या शंकूची दोन दृश्ये चिन्ह म्हणून काढतात. हे चिन्ह दुर्लक्षिल्यास आरेखन वाचणारा उजव्या बाजूचे दृश्य डाव्या बाजूचे समजू शकतो. परिणामी, सर्व मापे बरोबर असूनही भाग आरशातील प्रतिबिंबासारखा उलटा बनतो आणि जागेवर बसत नाही.

रेषांनाही ठरावीक अर्थ असतो. दिसणाऱ्या कडा जाड सलग रेषेने, झाकलेल्या कडा तुटक रेषेने आणि सममितीचा अक्ष किंवा भोकाचा मध्य लांब व आखूड तुकड्यांच्या साखळी रेषेने दाखवतात. आतील रचना गुंतागुंतीची असेल तर वस्तू मधोमध कापली आहे असे मानून छेददृश्य काढतात आणि कापलेल्या भागावर सहसा ४५° कोनात बारीक समांतर रेषा भरतात.

आयसोमेट्रिक दृश्य

घनाच्या एका कोपऱ्यातून विरुद्ध कोपऱ्यात जाणारा कर्ण पाहणाऱ्याच्या नजरेच्या रेषेत आणला, तर समोरच्या कोपऱ्यातून निघणाऱ्या तीन कडा एकमेकींशी १२०° चे कोन करताना दिसतात आणि घनाची बाह्यरेषा षट्कोनी दिसते. यावर आयसोमेट्रिक दृश्य आधारलेले आहे. कागदावर एक अक्ष उभा आणि उरलेले दोन आडव्या रेषेशी ३०° चा कोन करून काढले जातात. तिन्ही कडा सारख्याच प्रमाणात आखूड दिसत असल्याने तिन्हींवर एकच मापपट्टी चालते. खऱ्या प्रक्षेपात प्रत्येक कड मूळ लांबीच्या सुमारे ०.८१६ पट दिसते. व्यवहारात मात्र सोयीसाठी पूर्ण लांबीच घेतात, त्यामुळे चित्र थोडे मोठे येते पण रूप बदलत नाही.

या दृश्यात एक पथ्य पाळावे लागते. मापे केवळ तीन अक्षांना समांतर असलेल्या रेषांवरच मोजता येतात. तिरप्या कडेची लांबी थेट मोजून काढल्यास चूक होते. तिची दोन्ही टोके अक्षांवरून शोधून मग ती जोडावी लागतात. वर्तुळ या दृश्यात लंबवर्तुळ दिसते आणि ते ज्या पृष्ठावर असेल त्यानुसार त्याचा कल बदलतो.

दृश्यांवरून वस्तू ओळखणे

वस्तू पाहून दृश्ये काढणे तुलनेने सोपे असते. दृश्ये पाहून वस्तू ओळखणे अवघड असते. दोन दृश्ये अनेकदा अपुरी पडतात. समोरून आयत आणि वरूनही आयत दिसणारी वस्तू इष्टिकाचिती असू शकते, आडवी ठेवलेली वृत्तचिती असू शकते किंवा काटकोन त्रिकोणी छेदाची पाचरही असू शकते. बाजूचे दृश्य पाहिल्यावरच चौकोन, वर्तुळ किंवा त्रिकोण यांपैकी काय ते कळते.

अशा वेळी विद्यार्थी अनेकदा संपूर्ण वस्तू एकदम मनात चमकेल अशी वाट पाहतात. प्रत्यक्षात ओळखण्याची क्रिया पुष्कळशी तर्काची असते. पुढील उदाहरणात सारख्या आकाराचे ठोकळे जमिनीवर एकमेकांवर रचले आहेत.

वरील दृश्य: मागच्या रांगेत डावे, मधले व उजवे असे तिन्ही चौकोन भरलेले, पुढच्या रांगेत डावा व मधला भरलेला, उजवा रिकामा.
समोरील दृश्य: डावा स्तंभ ३ ठोकळे उंच, मधला १, उजवा १.
उजवीकडून दृश्य: पुढची रांग २ ठोकळे उंच, मागची ३.

समोरून मधला आणि उजवा स्तंभ केवळ १ उंच दिसतो. म्हणजे त्या स्तंभांतील प्रत्येक भरलेल्या चौकोनावर एकच ठोकळा असला पाहिजे. मागची रांग बाजूने ३ उंच दिसते. मधल्या आणि उजव्या जागी एकेकच ठोकळा असल्याने ही उंची मागील डाव्या जागेचीच असणार. पुढची रांग २ उंच दिसते. तेथेही मधल्या जागी एकच ठोकळा असल्याने पुढील डाव्या जागी २ ठोकळे असणार. अशा रीतीने मागची रांग ३, १, १ आणि पुढची रांग २, १, ० अशी निश्चित होते व ठोकळ्यांची एकूण संख्या ८ येते. प्रत्येक चौकोनात त्यावरील ठोकळ्यांची संख्या लिहिण्याच्या या पद्धतीस सांकेतिक तलविन्यास म्हणता येईल. प्रथम संख्या ठरवून नंतर आयसोमेट्रिक चित्र काढणे हा नवशिक्यांसाठी अतिशय उपयुक्त सराव आहे.

तिरपी पृष्ठे आली की एक नियम कामी येतो: प्रक्षेपाच्या प्रतलाला समांतर असलेले पृष्ठ खऱ्या आकारात दिसते, लंब असलेले पृष्ठ रेषेसारखे दिसते आणि तिरपे पृष्ठ आखूड पण तितक्याच बाजूंचे दिसते. षट्कोनी नट हे याचे घरगुती उदाहरण आहे. दोन कोपरे डावी-उजवीकडे येतील असा तो धरल्यास समोरून तीन पृष्ठे दिसतात. मधले पूर्ण रुंदीचे आणि दोन्ही कडांची त्याच्या निम्म्या रुंदीची. नट ९०° फिरवला की तीनऐवजी सारख्या रुंदीची दोनच पृष्ठे दिसतात.

मुक्तहस्त रेखाटनाची रीत

रेखाटनासाठी एचबी पेन्सिल, खोडरबर आणि कागद एवढे साहित्य पुरेसे असते. आरंभी चौकटींचा कागद लंबप्रक्षेपासाठी आणि ३०° रेषांचा ठिपक्यांचा कागद आयसोमेट्रिक चित्रासाठी वापरल्यास प्रमाण सांभाळणे सोपे जाते. मोजपट्टी टाळण्यामागे हेतू असतो: हात उपकरणात गुंतला नाही की लक्ष वस्तूच्या रूपाकडे राहते आणि चूक वाटल्यास चित्र टाकून नवे काढण्यास मन कचरत नाही.

सरळ रेषा काढताना दोन्ही टोकांना बिंदू देतात, पेन्सिल कागदाला न टेकवता एकदोनदा त्या मार्गाने हात फिरवतात आणि नजर पेन्सिलीच्या टोकावर न ठेवता शेवटच्या बिंदूवर ठेवून हलकी रेषा ओढतात. वर्तुळासाठी प्रथम चौरस काढून त्याच्या बाजूंचे मध्य आणि कर्णांवरील त्रिज्येची खूण मांडतात व त्या आठ बिंदूंतून वक्र नेतात. आयसोमेट्रिक चित्रात हाच चौरस समभुज चौकोन होतो आणि त्याच्या बाजूंच्या मध्यांना स्पर्श करणारे लंबवर्तुळ काढावे लागते.

संपूर्ण वस्तूसाठी पेटी पद्धत रूढ आहे. तिचे टप्पे असे:

१. वस्तूची एकूण लांबी, रुंदी व उंची यांचे परस्पर प्रमाण नजरेने ठरवणे.
२. त्या प्रमाणात वस्तू जिच्यात नेमकी बसेल अशी पेटी अगदी हलक्या रेषांनी काढणे.
३. पेटीच्या पृष्ठांवर खाचा, पायऱ्या व उतार यांच्या खुणा करणे.
४. जो भाग वस्तूत नाही तो पेटीतून एकेक करून ‘कापून’ टाकणे.
५. वर्तुळे व वक्र भाग सर्वांत शेवटी काढणे.
६. दिसणाऱ्या कडा गडद करणे. बांधणीच्या हलक्या रेषा राहिल्या तरी चालतात.

या पद्धतीचा फायदा केवळ चित्र सुबक येण्यापुरता नाही. पेटीतून तुकडे काढत जाणे हे लाकडातून किंवा धातूतून भाग कोरण्यासारखेच असते, त्यामुळे रेखाटन करणाऱ्याच्या मनात वस्तूच्या घडणीचा क्रमही तयार होतो.

मानसिक क्रिया आणि त्यांचा सराव

त्रिमितीय दृश्यकल्पन ही एकच क्षमता नसून अनेक क्रियांचा समूह आहे. त्यांतील प्रमुख क्रिया आणि त्यांच्या सरावाचे सोपे प्रकार पुढीलप्रमाणे आहेत.

फिरवणे: वस्तू एका अक्षाभोवती ९०° फिरवल्यावर कशी दिसेल याची कल्पना करणे. दोन अक्षांभोवती फिरवताना क्रमाला महत्त्व असते. मुखपृष्ठ वर आणि पाठीचा कणा डावीकडे असे पुस्तक टेबलावर ठेवून पाहता येते. ते प्रथम घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने ९०° फिरवून मग पलीकडची कड उचलून उभे केल्यास मुखपृष्ठ वाचकाकडे व कणा वरच्या बाजूस येतो. हाच क्रम उलटा केल्यास मुखपृष्ठ डावीकडे तोंड करते आणि कणा पलीकडे उभा राहतो.

छेद घेणे: प्रतलाने कापल्यावर कोणती आकृती मिळेल हे ओळखणे. वृत्तचिती आडवी कापल्यास वर्तुळ, तिरपी कापल्यास लंबवर्तुळ आणि अक्षाला समांतर कापल्यास आयत मिळतो. घन कापून त्रिकोण, चौकोन, पंचकोन आणि षट्कोन मिळू शकतात. घनाला सहाच पृष्ठे असल्याने सप्तकोन मात्र कधीच मिळत नाही. घनाकार कापलेला बटाटा किंवा साबणाची वडी यांवर याची खातरजमा करता येते.

घडणी: सपाट आकृती दुमडून कोणती वस्तू बनेल हे ओळखणे. घनाच्या एकूण ११ वेगवेगळ्या घडणी आहेत. सहा चौरस एकमेकांना जोडलेले असले म्हणजे घन बनतोच असे नाही. आधी मनात दुमडून मग कागद कापून पाहणे हा याचा सराव होय. पत्र्याचे डबे, नळकांडी आणि नरसाळी बनवणाऱ्या कारागिराला हेच कौशल्य रोज लागते.

परिभ्रमण: सपाट आकृती एखाद्या अक्षाभोवती फिरवल्यास कोणती घनाकृती बनेल हे ओळखणे. काटकोन त्रिकोण आपल्या एका लंब बाजूभोवती फिरला की शंकू बनतो. लेथवर तयार होणाऱ्या बहुतेक वस्तू या प्रकारच्या असतात.

जोडणे व वजा करणे: दोन घनाकृती एकमेकींत शिरल्यास त्यांचा एकत्रित, सामायिक किंवा उरलेला भाग कसा असेल हे ओळखणे.

मानसशास्त्रीय संशोधन

रॉजर शेपर्ड आणि जॅकलिन मेट्झलर यांनी १९७१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सहभागी व्यक्तींना ठोकळ्यांच्या आकृत्यांच्या जोड्या दाखवण्यात आल्या. दोन्ही चित्रे एकाच वस्तूची आहेत की एक दुसरीचे आरशातील रूप आहे, हे त्यांनी सांगायचे होते. उत्तराला लागणारा वेळ दोन चित्रांमधील कोनाच्या प्रमाणात सरळ रेषेत वाढत गेला. सरासरी वेग सेकंदाला सुमारे ६०° इतका भरला. म्हणजे वस्तू हातात धरून फिरवावी तसे मन तिची प्रतिमा फिरवत असल्यासारखे वागते. या निष्कर्षाने मनातील प्रतिमांचा अभ्यास मोजमापाच्या कक्षेत आणला.

याच काळात अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात घनाकृतींच्या फिरवण्यावर आधारलेली ३० प्रश्नांची चाचणी तयार झाली. ती आजही अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी मोठ्या प्रमाणात वापरली जाते. सरावाने ही क्षमता किती वाढते या प्रश्नावर डेव्हिड उटाल आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली २१७ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. प्रशिक्षणाचा परिणाम मध्यम पण स्पष्ट असतो, तो काही काळ टिकतो आणि प्रत्यक्ष सराव न केलेल्या अवकाशीय कामांतही दिसतो, असे त्यातून निष्पन्न झाले.

अभियांत्रिकी शिक्षणातील स्थान

अभियांत्रिकीच्या पहिल्याच सत्रात आरेखनाचा विषय येतो. ज्या विद्यार्थ्याला दृश्यांवरून वस्तू ओळखता येत नाही, तो गणित व भौतिकशास्त्रात चांगला असूनही आपण या शाखेस पात्र नाही असा समज करून घेऊ शकतो. हा प्रश्न अमेरिकेतील मिशिगन टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटीत शेरिल सॉर्बी यांनी हाती घेतला. त्यांना स्वतःलाही पहिल्या वर्षी आरेखनाचा विषय जड गेला होता. १९९३ साली बेव्हर्ली बार्टमन्स यांच्यासह त्यांनी पर्ड्यू चाचणीत कमी गुण मिळालेल्या विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र अभ्यासक्रम सुरू केला. त्यात आयसोमेट्रिक रेखाटन, लंबप्रक्षेप, घडणी, फिरवणे, परावर्तन, छेद आणि परिभ्रमण यांचा क्रमाने सराव होता. हा अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या विद्यार्थ्यांचे चाचणीतील गुण वाढले, पुढील आरेखनाच्या विषयांत त्यांची कामगिरी सुधारली आणि विशेषतः विद्यार्थिनी अभियांत्रिकीत टिकून राहण्याचे प्रमाण वाढले. संगणकावर केवळ पाहत राहण्यापेक्षा हाताने रेखाटन करण्यावर या अभ्यासक्रमात भर होता.

मनातल्या मनात फिरवण्याच्या चाचण्यांत पुरुषांचे सरासरी गुण स्त्रियांपेक्षा अधिक आढळतात. तथापि दोन्ही गटांतील व्यक्तींचे गुण मोठ्या प्रमाणात एकमेकांत मिसळलेले असतात आणि सरावाने दोन्ही गटांची प्रगती होते. बालपणी ठोकळे, जोडणीची खेळणी व हत्यारे हाताळण्याची संधी किती मिळाली, तसेच चाचणीत वेळेचे बंधन किती कडक आहे, या गोष्टींचाही या फरकाशी संबंध जोडला जातो. म्हणून कमी गुण हे क्षमतेच्या मर्यादेपेक्षा अनुभवाच्या कमतरतेचे लक्षण मानणे शिक्षणाच्या दृष्टीने अधिक उपयुक्त ठरते.

महाराष्ट्रात शालेय गणिताच्या पाठ्यपुस्तकांतून त्रिमितीय वस्तू आणि त्यांच्या घडणी यांची ओळख होते. कला संचालनालयामार्फत घेतल्या जाणाऱ्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट या चित्रकला परीक्षांमध्ये वस्तुचित्र आणि भूमिती यांचा समावेश असतो. पुढे औद्योगिक प्रशिक्षण संस्था, तंत्रनिकेतने आणि अभियांत्रिकी महाविद्यालये यांत अभियांत्रिकी आरेखन हा स्वतंत्र विषय असतो. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांना येथे दुहेरी अडचण जाणवू शकते: वस्तू मनात उभी करायची असते आणि त्याच वेळी प्लॅन, एलिव्हेशन, सेक्शन, ऑक्झिलरी व्ह्यू असे नवे शब्दही आत्मसात करायचे असतात. शब्द अडला की कल्पना अडल्यासारखी वाटते. इष्टिकाचिती, वृत्तचिती, शंकू, छेद या शाळेत परिचित झालेल्या संज्ञांशी नव्या शब्दांची जोड घालून दिल्यास या दोन अडचणी वेगळ्या करता येतात.

नेहमी होणाऱ्या चुका

• तिन्ही दृश्ये एका रांगेत न जुळवता स्वतंत्रपणे काढणे.
• एकाच कागदावर प्रथम कोन व तृतीय कोन पद्धती मिसळणे.
• आयसोमेट्रिक चित्रात तिरप्या कडेवर थेट माप घेणे.
• झाकलेल्या कडांच्या तुटक रेषा विसरणे. यामुळे आरपार भोक आणि अर्धवट भोक यांतील फरक नाहीसा होतो.
• पेटी न काढता वस्तूच्या एखाद्या बारीक भागापासून सुरुवात करणे. यामुळे एकूण प्रमाण बिघडते.
• वस्तू ओळखता आली नाही की उत्तर पाठ करणे. घनाकृती थोडी बदलली की पाठांतर निरुपयोगी ठरते. त्याऐवजी साबण, माती किंवा थर्माकोल यांची प्रतिकृती कापून दृश्यांशी ताडून पाहणे अधिक फलदायी असते.

संगणकयुगातील महत्त्व

इव्हान सदरलँड यांनी १९६३ साली मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये सादर केलेल्या स्केचपॅड या प्रणालीपासून पडद्यावर आरेखन करण्याचा आरंभ झाला. आज कॅड प्रणालीत घनाकृती एकदा तयार केली की तिची सर्व दृश्ये, छेद व मापे संगणक स्वतः काढून देतो. टी-स्क्वेअर आणि ड्रॉइंग बोर्ड यांचे स्थान त्यामुळे बरेच कमी झाले आहे.

दृश्यकल्पनाची गरज मात्र कमी झालेली नाही. कॅडमध्येही कोणत्या प्रतलावर आकृती काढायची, ती कोणत्या दिशेने ताणायची वा कोणत्या अक्षाभोवती फिरवायची आणि कोणता भाग वजा करायचा हे वापरणाऱ्यालाच ठरवावे लागते. हे निर्णय म्हणजे पेटी पद्धतीतील जोडणे व कापणे होय. शिवाय पडद्यावर तयार झालेली सुबक प्रतिमा बरोबर असेलच असे नाही. मनात वस्तूचे रूप स्पष्ट असेल तरच तिच्यातील चूक नजरेस येते. तंत्रज्ञानाचे इतिहासकार यूजीन फर्ग्युसन यांनी १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात अभियंत्याची विचारप्रक्रिया मोठ्या प्रमाणात शब्द व समीकरणांपेक्षा मनातील चित्रांतून चालते आणि शिक्षणात या अंगाची उपेक्षा झाल्यास रचनेत गंभीर दोष शिरू शकतात, असे प्रतिपादन केले.

रचनेच्या पहिल्या टप्प्यात, जेव्हा मापे ठरलेली नसतात आणि अनेक पर्याय खुले असतात, तेव्हा कागदावरील झटपट रेखाटन अजूनही सोयीचे ठरते. कारखान्यात कामगार व अभियंता यांच्यातील अनेक शंका वहीच्या पानावर काढलेल्या चारसहा रेषांनी सुटतात. अशा रेषा काढता येणे आणि दुसऱ्याने काढलेल्या रेषांमागील वस्तू ओळखता येणे हे लिहिण्या-वाचण्यासारखेच शिकून येणारे कौशल्य आहे.